ट्राम, लोकल आणि दिवाळीची देणीघेणी



दसरा झाला की घरात दोन याद्या तयार होतात. एक फराळाच्या सामानाची, दुसरी देण्याघेण्याची. पहिली दरवर्षी साधारण तीच असते. दुसरी मात्र वाढत जाते. भाऊ-भावजया, नणंदा, भाचरं, नातवंडं, मंदिरातले पंडितजी, कामाला येणाऱ्या ताई, वॉचमन, शेजारी. बी.कॉम.चा अभ्यास विसरून चाळीस वर्षं झाली, पण या यादीसमोर आकडे मांडायची सवय सुटलेली नाही.

हल्ली घरातली तरुण मंडळी विचारतात, "हे सगळं मोबाईलवर मागवता येतं, मग गर्दीत लोकलचे धक्के खात भुलेश्वरला जायचं कशाला?" प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागतं. मुंबईतल्या साध्या घरातल्या बायकांना स्वतःच्या हातानं भेट निवडून देता येऊ लागली, त्यात स्वस्त तिकिटाचा फार मोठा वाटा आहे. आणि त्या तिकिटानं खरेदीला एक मर्यादाही घातली होती. आज तीच मर्यादा सुटत चालली आहे, म्हणून हा लेख.

दिवाळी आणि भेट

आपली दिवाळी ही भगवान महावीरांच्या निर्वाणाची. इ.स.पू. ५२७ मध्ये पावापुरीला अमावास्येच्या पहाटे भगवंतांचं निर्वाण झालं आणि त्याच दिवशी गौतम गणधरांना केवलज्ञान झालं, असं आपण मानतो. वीर निर्वाण संवत तिथूनच मोजतात. यंदाच्या दिवाळीला २५५३ वं वर्ष लागेल. आचार्य जिनसेनांनी इ.स. ७८३ मध्ये पूर्ण केलेल्या हरिवंशपुराणात निर्वाणाच्या या दीपोत्सवाचं वर्णन आहे. म्हणजे दिवे होते, पूजा होती. अमावास्येला सकाळी मंदिरात निर्वाण लाडू चढवण्याची आपली पद्धतही त्याच आठवणीची.

मग भेटी कुठून आल्या? भाऊबीजेची एक कथा श्वेतांबर परंपरेत सांगतात. निर्वाणाची बातमी ऐकून भगवंतांचे थोरले बंधू नंदिवर्धन राजा शोकात बुडाले. अन्नपाण्यावरचं मन उडालं. तेव्हा बहीण सुदर्शनेनं द्वितीयेला त्यांना आपल्या घरी नेलं, समजूत घातली आणि जेवू घातलं. आपल्या दिगंबर ग्रंथांत ही कथा येत नाही, पण मला ती फार आवडते. तिच्यात सोनं नाही, वस्त्रं नाहीत. दुःखात असलेल्या माणसाला हाताला धरून घरी आणलं, एवढीच ती भेट.

आपल्याकडे या भावनेला शास्त्रातही जागा आहे. सम्यग्दर्शनाची आठ अंगं आपण पाठशाळेत पाठ केली. त्यातली शेवटची तीन आठवा. स्थितीकरण, म्हणजे डळमळणाऱ्याला स्थिर करणं. वात्सल्य, म्हणजे साधर्मींवर निष्कपट माया. आणि प्रभावना, म्हणजे धर्माची थोरवी लोकांना दिसेल असं वागणं. श्वेतांबर भगिनी पर्युषणात वाटीपासून बत्ताशापर्यंत जे वाटतात, त्यालाही प्रभावना हेच नाव आहे. भेट लहान असली तरी हे नाव केवढं मोठं, पाहा.

बाजार तिथं का वसला

मुंबईचा जुना बाजार कोटाच्या आत, म्हणजे आजच्या फोर्ट भागात होता. फेब्रुवारी १८०३ मध्ये तिथं मोठी आग लागली आणि बरीच वस्ती जळाली. त्यानंतर अनेक व्यापारी कोटाबाहेर उत्तरेला सरकले. काळबादेवी, भुलेश्वर, पायधुनी हा भाग त्यातून भरत गेला.

व्यापाऱ्यांबरोबर देवही आले. पायधुनीच्या गोडीजी पार्श्वनाथांची प्रतिष्ठा १८१२ ची. भुलेश्वरची पांजरापोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशहा यांनी सुरू केली. एक पारशी, एक जैन, आणि काम मुक्या जनावरांना वाचवण्याचं. जवळच सी. पी. टँकला आपल्या दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी वडिलांच्या नावानं बांधलेली हिराबाग धर्मशाळा. पंडित नाथूराम प्रेमींनी १९१२ मध्ये काढलेली हिंदी ग्रंथ रत्नाकर ही प्रकाशन संस्था याच हिराबागेत चालली. सांगली-कोल्हापूर, सोलापूरकडून येणारी आपली मंडळी इथं उतरायची. सकाळी दर्शन, मग लग्नाचा बस्ता किंवा दिवाळीची खरेदी, आणि रात्रीच्या गाडीनं परत. माझ्या माहेरीही "हिराबागेत उतरलो होतो" याचा अर्थ "मुंबईला खरेदीला गेलो होतो" असाच असायचा.

म्हणजे मंदिर, धर्मशाळा आणि बाजार पायी फिरता येईल एवढ्या अंतरात होते. प्रश्न होता तो लांब राहणाऱ्यांचा.

तीन आण्यांची ट्राम

तो प्रश्न ९ मे १८७४ रोजी सुटायला लागला. त्या दिवशी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. मार्ग दोन होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुनीला आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुनीला. हे मार्ग पाहिले की कळतं, ट्राम बाजारालाच जाऊन मिळाली होती. सुरुवातीचं भाडं तीन आणे, आणि तिकीट नावाचा कागदच नव्हता. गर्दी वाढली तसं भाडं दोन आण्यांवर आलं. फुकटे प्रवासी वाढले म्हणून त्याच वर्षी तिकिटं छापावी लागली! ट्राम कंपनीच्या तबेल्यात ९०० घोडे होते असं सांगतात. त्या मुक्या जिवांचे हाल मनात आले की १९०७ ची विजेची ट्राम मला जास्त जवळची वाटते.

आगगाडी त्याआधीच आली होती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि १८६७ मध्ये पश्चिमेच्या बाजूनं विरारहून मुंबईला लोकल येऊ लागली. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ ला धावली. ती अफगाण चर्चहून निघून कुठं गेली असेल? क्रॉफर्ड मार्केटला. १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या या मंडईला आज महात्मा जोतिबा फुल्यांचं नाव आहे.

माझ्या सासूबाई लग्न होऊन दादरला आल्या तेव्हा ट्राम अजून चालू होती. त्या सांगायच्या, सुरुवातीची काही वर्षं साडीसुद्धा सासरे आणून देत. रंग आवडला का, असं कुणी विचारत नसे. मग शेजारच्या दोघीतिघींबरोबर त्या पहिल्यांदा ट्रामनं क्रॉफर्ड मार्केटला गेल्या. काही आण्यांचं तिकीट, दुपारची वेळ, आणि स्वयंपाकाला परत हजर. घरात परवानगी मागताना त्यांनी खर्च सांगितला, तेव्हा नाही म्हणायला कारणच उरलं नाही. टांग्याचे पैसे मागितले असते तर ते मिळाले नसते. भावाला भाऊबीजेला काय द्यायचं, हे त्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा स्वतः ठरवलं. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली, तेव्हा सासूबाई ती पाहायला रस्त्यावर उभ्या होत्या.

खरेदीला विवेक असतो

काळबादेवीच्या बाजारात बाया त्याआधीही एका वेगळ्या कारणानं आल्या होत्या. १९३० च्या सत्याग्रहात देशसेविकांनी मूळजी जेठा मार्केटसारख्या कापडबाजारात परदेशी कापडाविरुद्ध निदर्शनं केली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना गिरणी कामगार बाबू गेनू काळबादेवीला हुतात्मा झाले. काय घ्यायचं हा प्रश्न फक्त भावाचा नसतो, हे त्या पिढीनं शिकवलं.

आपल्याला तर हा प्रश्न नवा नाही. भेट घेताना आपण चामडं टाळतो. कोशातल्या किड्यांसकट उकळून काढलेलं रेशीम आपल्यापैकी अनेकींनी सोडलं आहे. मिठाईवरचा चांदीचा वर्ख वर्षानुवर्षं जनावरांच्या आतड्यांच्या पडद्यांत कुटला जात असे. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वर्ख बनवताना कुठल्याही टप्प्यावर प्राणिजन्य वस्तू वापरायला मनाई केली. तरीही मी वर्ख नसलेलीच मिठाई मागते. दुकानदार समोर असला की विचारता येतं, "हे कशात बनवलं? यात जिलेटिन आहे का?" मोबाईलच्या चित्राला हे विचारता येत नाही.

काय घेत असू, आणि कुठं

या बाजाराची गंमत अशी की प्रत्येक गल्लीचा धंदा ठरलेला. तांबाकाट्याला भांडी, मंगळदास मार्केटमध्ये कापड, अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागद-वह्या, लोहार चाळीत विजेचं सामान आणि दिव्यांच्या माळा, भुलेश्वरला बांगड्या, खोटे दागिने आणि पूजेचं साहित्य, क्रॉफर्ड मार्केटला सुकामेवा. एकाच मालाची वीस दुकानं शेजारी शेजारी असली की भाव आपोआप ताळ्यावर राहतो. कॉलेजात स्पर्धेचा धडा वाचला होता, पण तो कळला तांबाकाट्याला.

माझ्या लग्नात, १९८० च्या आसपास, पितळ मागं पडून स्टेनलेस स्टीलचा जमाना आला होता. तमिळनाडूतल्या सेलमच्या सरकारी कारखान्यातही त्याच सुमारास स्टील निघू लागलं. स्टीलची वाटी म्हणजे सर्वांना परवडणारी भेट. कल्हई नको, चिंचेनं घासणं नको. दुकानात बसलेला माणूस छोट्या मशीननं त्यावर नाव कोरून द्यायचा, बहुतेक वेळा फुकट. "सौ. अमकीस, भाऊबीज, १९८४." मैत्रिणींनो, आपल्या मांडणीवरची भांडी एकदा उलटी करून वाचा. कुणी, कधी, कशासाठी दिलं हे सगळं तिथं लिहिलेलं आहे. आमच्या घरात एका डब्याच्या झाकणावर आजेसासूबाईंचं नाव आहे. त्यांच्या हाताचं दुसरं काहीही उरलेलं नाही.

पैसे वाचवण्याची युक्तीही सगळ्या वापरत. घाऊक दुकानात डझनाचा भाव सुट्या नगापेक्षा बराच कमी असतो. एकीला तीनच डबे हवे असतात. मग चौघी मिळून डझन घ्यायचं आणि परतताना लोकलच्या लेडीज डब्यात वाटणी करायची. हिशेब तिथंच, मांडीवर वही ठेवून. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेनं चर्चगेट ते बोरिवली पूर्ण बायकांची लोकल सुरू केली, तेव्हा तर दिवाळीच्या दिवसांत तो चालता बाजारच झाला. पिना, टिकल्या, रुमाल डब्यातच विकायला येत.

दोन पिशव्यांचं व्रत

आता मूळ मुद्दा. लोकलनं जाणारी बाई किती सामान आणू शकते? दोन हातांत दोन पिशव्या. त्याहून जास्त घेतलं तर गाडीत चढता येत नाही. म्हणून घरातून निघतानाच यादीला कात्री लागायची.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह-परिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. दिवाळीच्या तोंडावर हे पाच शब्द वाचून पाहा. गरजेपेक्षा जास्त वाहनं दामटणं, गरजेपेक्षा जास्त साठवणं, दुसऱ्याचं वैभव पाहून चकित होणं, हाव धरणं आणि पेलवणार नाही एवढं ओझं लादणं. बैलगाडीच्या काळात लिहिलेलं आहे, पण एका दिवसात घराच्या दारात चार वेगवेगळे डिलिव्हरीवाले चार खोकी घेऊन येतात तेव्हा मला हेच शब्द आठवतात. मोबाईलवर खरेदी करणं पाप आहे असं मी म्हणत नाही. पाय दुखणारी, पायऱ्या न चढवणारी बाई काय करणार? पण तिथं पिशवी कधी भरत नाही, आणि म्हणून "पुरे" हा शब्दही येत नाही.

याची किंमत कोण देतं ते सांगते. आमच्या नात्यात एक विधवा वहिनी आहेत. पेन्शन थोडी, मुलगा अजून स्थिर नाही. पूर्वी भाऊबीजेला त्या सर्वांसाठी स्टीलच्या छोट्या डब्यात घरची शेव आणायच्या. सगळे आवडीनं खायचे. मग घरात मखमली खोक्यांतला सुकामेवा आला, मग चांदीची नाणी आली, मग कंपनीच्या नावाच्या महागड्या वस्तू. दोन वर्षं वहिनींनी तब्येतीचं कारण सांगितलं. तिसऱ्या वर्षी त्या आल्याच नाहीत. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा म्हणाल्या, "घेताना बरं वाटतं गं, पण परत काय देऊ? डबा पुढं करायला हात धजत नाही."

सुदर्शनेनं दुःखी भावाला घरी आणण्यासाठी जो दिवस पाळला, त्याच दिवशी आपल्या भेटींनी एका दुःखी बाईला घराबाहेर ठेवलं होतं. स्थितीकरण हे अंग आपण पाठ केलं, पण इथं काय झालं?

त्यानंतर आमच्या घरातल्या बायकांनी बसून ठरवलं. भाऊबीजेची भेट शंभर रुपयांच्या आत, किंवा घरी बनवलेली. ओवाळणीच्या ताटातही सर्वांचं सारखं, एकच नाणं. पुरुष मंडळी आधी हसली, "एवढ्यात काय येतं?" म्हणाली. येतं. डझनाच्या भावानं स्टीलचा डबा येतो, सुती नॅपकिनची जोडी येते, चांगली वही येते, मातीच्या पणत्यांचा संच येतो. शोधावं लागतं आणि पायी फिरावं लागतं, इतकंच. त्या दिवाळीला वहिनी आल्या. शेवेचा डबा घेऊन आल्या आणि मुलांनी तो पहिल्यांदा संपवला.

यंदा जाणार असाल तर

मध्य रेल्वेवरच्या मैत्रिणींना मशीद बंदर किंवा सीएसएमटी, पश्चिमेच्या मैत्रिणींना मरीन लाइन्स किंवा चर्नी रोड सोयीचं. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो काळबादेवी आणि गिरगावपर्यंत पोचली आहे. ज्यांना लोकलचे जिने आणि धक्के झेपत नाहीत त्यांच्यासाठी ती मोठीच सोय. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये पाचाचं दहा रुपये झालं, लोकलचं किमान तिकीट अजून पाच रुपयांचं आहे. गावाकडच्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना निम्मं तिकीट आहे. सांगलीची गणपती पेठ काय किंवा सोलापूरचा चादरींचा बाजार काय, तुमच्या बाजाराचा इतिहासही भुलेश्वरइतकाच तुमचा आहे.

शक्यतो मंगळवार-बुधवारी, सकाळी नोकरदारांची गर्दी ओसरल्यावर निघा. रविवारी बरीच घाऊक दुकानं बंद असतात. सूर्यास्ताआधी जेवायचं असेल तर घरून दशम्या आणि उकळलेलं पाणी बरोबर ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी घेऊ नका, कापडाच्या दोनच न्या. आणि चौघी मिळून जा, म्हणजे डझनाचा भाव मिळेल.

हिशेब लिहिताना मी तिकिटाचे पैसे भेटीच्या किमतीत धरते. माल विकत घेऊन घरी आणेपर्यंतचा खर्च खरेदीच्या किमतीतच धरायचा, हे आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. चौघींनी वाटून घेतलं की एका डब्यामागं तो रुपया-दोन रुपयेच येतो. गेल्या वर्षीच्या माझ्या वहीत वहिनींच्या नावापुढं लिहिलं आहे: डबा ६५, नाव कोरणावळ ५, लोकल २. एकूण ७२. शंभराच्या आत.

आपली यादी कशी झाली ते जरूर कळवा. सर्वांना निर्वाणोत्सवाच्या आगाऊ शुभेच्छा.